पठारावरची पाणथळ जागा जेसीबीनं खोल करावी का? (कोल्हापूरचे पश्चिमेकडचे तालुके)

भुदरगडी | सोमवार, सकाळी १०.४०

मंडळी, सल्ला हवाय, आणि शक्यतो आकड्यांत.

भुदरगड तालुक्यातल्या एका गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचं पठार आहे. त्यावर साधारण एक एकराची सखल जागा. जूनच्या मध्यात भरते, पाणी कुठंही गुडघ्याच्या वर जात नाही, दिवाळीनंतर आटायला लागतं, जानेवारीत नुसती ओल उरते. पठाराच्या कडेला, पंचवीस-तीस मीटर खाली दोन झरे आहेत आणि वाडीचं पिण्याचं पाणी त्यांच्यावरच. मार्चनंतर धार बारीक होते.

आता प्रस्ताव असा आहे की ही जागा तीन मीटर खोल करायची, निघालेल्या मुरमाचा कडेनं बांध घालायचा, तळाला प्लास्टिक कागद, भोवती झाडं, आत मत्स्यबीज. सरपंचांचा प्रश्न सरळ आहे: "पाणी साठलं तर वाईट काय?" ग्रामसभेत त्याला तितकंच सरळ उत्तर द्यायचंय.

विचारायचं हे: झऱ्यांवर काय परिणाम होईल? काठावरच्या जांभळींखाली फूटभर काळी, तंतुमय माती लागते, ते पीट (पाण्यात पुरता न कुजता साठलेला पाला-मुळांचा थर) आहे का? आणि कायद्यात अशा जागेला काही आधार आहे का?

जांभ्याखालचं_पाणी | सोमवार, दुपारी १.०५

आपल्या पठारांची रचना ढोबळमानानं तीन थरांची. वर कडक जांभ्याचं कवच, त्याखाली मऊ, पांढरट-जांभळट चिकण थर, आणि मग काळा पाषाण. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ, चिकण थरातून मात्र पाणी फारसं उतरत नाही. म्हणून पाऊस जांभ्यात मुरतो, चिकण थरावरून आडवा सरकतो आणि पठाराची कड जिथं कापली गेली आहे तिथं झरा होऊन बाहेर पडतो. तुमचे दोन्ही झरे बहुतेक एकाच उंचीवर असतील. कडेनं त्याच उंचीवर चालत जा. आणखी ओल, उंबर, केवडा दिसला तर रचना हीच समजा.

सखल जागेत पाणी टिकतं त्याची कारणं दोन. कवचावर वर्षानुवर्षं बसलेला बारीक गाळाचा पातळ थर, आणि भर पावसात जांभ्यातली पाण्याची पातळीच वर आलेली असते ती. जेसीबीनं पहिली गोष्ट जाते ती हा गाळाचा थर. खाली भेग उघडली की तळं दसऱ्यालाच रिकामं. जांभ्यावरच्या शेततळ्यांची रड हीच आहे आणि म्हणूनच मग प्लास्टिक येतं.

प्लास्टिक घातल्यावर पाणी राहतं, हे मान्य करूनच बोला. नाहीतर सभेत कुणी ऐकणार नाही. पण हिशोब मांडा. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. तीन मीटर खोल म्हटलं तरी बाजूंना उतार द्यावा लागतो, म्हणजे हाती आठ-नऊ हजार घनमीटर. जानेवारी ते मे रोज सरासरी ६ मिमी बाष्पीभवन धरलं तर १५० दिवसांत ९० सेंमी, म्हणजे तीन हजार घनमीटरच्या वर पाणी नुसतं उडून जातं. उरतं ते उघडं पाणी, शेवाळलेलं. ते पिण्यायोग्य करायला गाळणी, तुरटी, क्लोरीन आणि वर पंपाचं वीजबिल. झऱ्याचं पाणी जमिनीतून गाळून आलेलं असतं आणि उतारानं आपोआप वाडीपर्यंत येतं. शिवाय त्या एक एकरातून आत जाणारं पाणी कायमचं बंद. दोन्ही झऱ्यांना नेमका त्याच जागेतून किती पुरवठा होतो ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण खड्डा झऱ्यांच्या वरच्या अंगालाच आहे, ही गोष्ट पुरेशी काळजीची आहे.

कड किती जवळ आहे? भिजलेला चिकण थर, त्यावर हजारो टन पाणी आणि कडेला सैल मुरमाचा बांध, हे एकत्र आलं तर उतार घसरण्याचा धोका वेगळा. जुलै २०२१ चा पाऊस पश्चिम तालुक्यांत कुणी विसरलेलं नसेल.

तिकटीवरचा | सोमवार, दुपारी १.३०

लई भारी माहिती. पण मोजायचं कसं ते पण सांगा की राव. सभेत "भूगर्भशास्त्र असं म्हणतंय" म्हटलं की मागनं शिट्ट्या येणार.

जांभ्याखालचं_पाणी | सोमवार, रात्री ९.१५

झऱ्याला बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच बास. सगळी धार एका पन्हळीत किंवा पाइपात आणा, कडेनं गळती राहिली तर मोजणी फुकट. १० लिटरची बादली तीनदा भरून सरासरी घ्या. ४० सेकंद लागले तर ०.२५ लिटर प्रतिसेकंद, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं प्रमाण धरलं तर ३९० माणसांचं पाणी. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, जनावरं यायच्या आधी मोजा.

पावसाळ्यात धार मोठी झाली की बादली पुरत नाही. तेव्हा पत्र्यात ९० अंशाची व्ही आकाराची खाच कापून ओहोळात आडवी बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंमी असेल तर प्रवाह सुमारे ०.७७ लिटर प्रतिसेकंद, १० सेंमी असेल तर सुमारे ४.४. उंची दुप्पट झाली तर प्रवाह साडेपाच पटीच्या वर जातो, त्यामुळं अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते. उंची खाचेत मोजायची नाही, तिथं पाणी खाली झुकलेलं असतं. चार-पाच हात मागं, संथ पाण्यात पट्टी रोवा.

पाणथळीत निरीक्षण-नळ्या घाला. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप, दीड मीटर लांब, त्यातला एक मीटर जमिनीत. खालच्या ८० सेंमीला करवतीनं दर ५ सेंमीवर आडव्या चिरा, दोन्ही बाजूंनी, पण समोरासमोर नको, पाइप मोडतो. त्यावर जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर बांधा, बूड टोपणानं बंद. हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोक पाडा. पाइपाभोवती जाड वाळू, आणि वरच्या १५ सेंमीला चिकणमाती ठासून. ही माती घालायची राहून गेली की पावसाचं पाणी पाइपाच्या कडेनं थेट आत उतरतं आणि पातळी खोटी दिसते. बहुतेक नोंदी इथंच बिघडतात. वर टोपण घाला, त्याला बारीक भोक ठेवा.

तीन नळ्या पुरेत: मध्यात एक, काठावर एक, आणि झऱ्याच्या दिशेला काठाबाहेर एक. गिरमिट कवचावर अडलं तर जोर लावू नका. तेवढ्या खोलीवर थांबा आणि खोली लिहून ठेवा.

माती_परीक्षक | सोमवार, रात्री १०.५०

पीटच्या प्रश्नाबद्दल.

साधारण व्याख्या अशी: थर किमान ३० सेंमी जाड आणि कोरड्या वजनात सेंद्रिय भाग किमान ३० टक्के. त्यासाठी जमीन जवळजवळ बारमाही पाण्यानं भरलेली लागते. ऑक्सिजन पोचत नाही, कुजणं रेंगाळतं, आणि मेलेला पाला-मुळं थरावर थर साठतात. तरी वाढ वर्षाला मिलिमीटरभर, बहुधा त्याहूनही कमी. तुमची जागा फेब्रुवारी ते मे कोरडी आणि तापलेली असते. पावसाळ्यात जे साठतं ते दर उन्हाळ्यात जळून-कुजून जातं. त्यामुळं ते पीट नसणार, जांभळींच्या सावलीत टिकून राहिलेली काळी सेंद्रिय माती असणार. भारतात पीट बघायचं तर निलगिरीच्या उंच दऱ्यांत. तिथल्या थरांतल्या परागकणांवरून आणि कार्बनवरून हजारो वर्षांपूर्वीचं हवामान वाचतात. केरळात कुट्टनाडच्या 'करी' जमिनींतही जुने सेंद्रिय थर आहेत.

तरी तपासायचं असेल तर एक खबरदारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुना १०५ अंशांवर रात्रभर वाळवून ५५० अंशांच्या भट्टीत चार तास ठेवतात आणि वजनात आलेली घट म्हणजे सेंद्रिय भाग असं धरतात. १० ग्रॅमचे ८.२ ग्रॅम उरले तर १८ टक्के. जांभ्याच्या मातीत हा आकडा फसवतो. तिच्यात गिब्साइट आणि गोथाइट ही खनिजं असतात आणि त्यांच्या घडणीतलंच पाणी ३०० अंशांच्या आसपास निघून जातं. शुद्ध गिब्साइट तापवलं तर वजनाचा तिसरा हिस्सा घटतो, त्यात सेंद्रिय काही नसताना! म्हणून वॉक्ली-ब्लॅक पद्धतीनं सेंद्रिय कर्ब काढायला सांगा आणि त्याला १.७२४ नं गुणा. तेही अंदाजच आहे, पण भट्टीपेक्षा बरं. नमुना काठावरून आणि मध्यातून वेगळा घ्या, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी असा, एकत्र कालवू नका.

पीट नाही म्हणून जागेचं मोल कमी होत नाही. पण सभेत "आमच्याकडं पीट आहे" असं सांगू नका, कुणी तपासलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

रंकाळाकाठ | मंगळवार, सकाळी ८.२०

मग नर्सरीत 'पीट मॉस' म्हणून पिशव्या मिळतात ते काय असतं? आणि पीट वाचवा म्हणून जगभर एवढी ओरड का?

माती_परीक्षक | मंगळवार, सकाळी ९.००

ते थंड प्रदेशातल्या दलदलींतलं स्फॅग्नम शेवाळ्याचं पीट, बहुतेक कॅनडा किंवा बाल्टिक देशांतून आलेलं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याचा दलदलीशी संबंध नाही. कुंड्यांना कोकोपीटच घ्या, फक्त आधी दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात.

ओरड का, तर पीटजमिनी जगाच्या जमिनीच्या ३ टक्के आहेत आणि त्यांच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते, शेकडो वर्षांचा साठा कुजू लागतो आणि जमीन खचते. इंग्लंडमध्ये होम फेन इथं १८५१ मध्ये जमिनीच्या पातळीत रोवलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा आहे. इंडोनेशियात मध्य कालीमंतानमध्ये १९९६ पासून भातासाठी दहा लाख हेक्टर पीटजंगल मोडायला घेतलं, हजारो किलोमीटर कालवे काढले. भात पिकला नाहीच, १९९७ च्या कोरड्या हंगामात वाळलेलं पीट मात्र महिनोन्महिने धुमसत राहिलं. अशी आग जमिनीखालून पसरते, वरून पाणी मारून विझत नाही.

गेंदफूल | मंगळवार, दुपारी १२.४०

मुद्दा खोलीचा नाहीच, पाणी किती दिवस आणि केव्हा राहतं याचा आहे. पठारावरची वनस्पती त्यावरच बेतलेली असते, म्हणून जागा मोजायची एक स्वस्त पद्धत म्हणजे झाडोरा बघणं.

ऑगस्ट-सप्टेंबरात जा. कातळावर पाण्याचा नुसता पापुद्रा वाहतो तिथं सीतेची आसवं आणि दवबिंदू. दोन्ही कीटकभक्षी, कारण त्या पाण्यात नत्र जवळपास नसतंच. बोटभर पाणी दोनतीन महिने टिकतं तिथं गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके. वीतभर पाणी नोव्हेंबरपर्यंत राहतं तिथं लव्हाळे, आणि नशीब असेल तर वायतुरा. त्याचा कंद उन्हाळाभर कोरड्या मातीत झोपतो. म्हणजे त्याला कोरडा उन्हाळाही लागतोच. या पट्ट्यांच्या सीमा मोबाइलच्या जीपीएसवर चालून घेतल्या की पाण्याच्या मुदतीचा नकाशा तयार. ३-४ मीटर इकडंतिकडं होईल, चालतंय. पाणकणीस किंवा बेशरम दिसली तर समजायचं की कुठूनतरी खत, शेण किंवा मातीचा भराव येतोय.

प्राण्यांचंही तसंच. पहिल्या पावसाबरोबर भरणाऱ्या उथळ डबक्यांत बेडूक अंडी घालतात, कारण तिथं मासे नसतात. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यांवरचा झॅन्थोफ्रीन टायगेरिना हा भेक अशाच डबक्यांत वितो, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पाणी बारमाही करून तिलापिया किंवा गप्पी सोडले की पुढच्या वर्षी भेकमासोळ्या (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) दिसायच्या बंद. डासांचं म्हणाल तर डबक्यात चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे असतात, ते डासांच्या अळ्या खातात. डास वाढतात ते टायर, टाक्या, बांधकामाच्या हौदांत. मत्स्यबीजाचा मुद्दा प्रस्तावातून आधी काढा, यावर तडजोड नको.

आणि कृपया, दवबिंदू उपटून कुंडीत लावू नका. नळाच्या क्षारयुक्त पाण्यावर तो जगत नाही.

लोकताकवरून | मंगळवार, दुपारी ३.१०

"पाणी साठलं तर वाईट काय" याचं देशातलं सगळ्यात मोठं उत्तर मणिपुरात आहे. लोकताक सरोवरात फुमदी म्हणजे वनस्पती, मुळं आणि कुजका भाग यांचे तरंगते थर असतात. कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान या थरांवरच आहे, संगाई हरिण तिथंच राहतं. पूर्वी हिवाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळं मातीतून अन्न घ्यायची आणि पावसात पुन्हा वर यायची. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला आणि वीजनिर्मितीसाठी पातळी वर्षभर उंच ठेवली गेली. टेकणंच बंद. थर पातळ होत गेला, हरणाचं वजन पेलेना. लोकताक १९९० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) गेलं आणि १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या रामसर स्थळांच्या माँट्रो नोंदीतही. पाणी कमी झालं नव्हतं, उतरायचं थांबलं होतं.

तिकटीवरचा | मंगळवार, दुपारी ३.२५

नाद खुळा उदाहरण. हे सभेत सांगायचंच.

तिलारीकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७.००

जवळचं उदाहरण हवं असेल तर घाटाखाली दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे. रानजायफळाची दलदल, देवराई म्हणून राखलेली. क्षेत्र फक्त २.५९ हेक्टर, आणि २०२१ मध्ये राज्यानं तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. त्याच वर्षी आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागाही तशीच जाहीर झाली, तिथल्या कुंडातल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशामुळं. ती नदी पुढं आजरा-गडहिंग्लजमधूनच जाते. लहान जागेला संरक्षण मिळत नाही असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे समोर ठेवा.

रानजायफळाच्या दलदलीत चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर येतात, हवा घ्यायला. तिथं पाणी हळूहळू सरकतं राहावं लागतं. मारायची सोपी रीत म्हणजे वरच्या अंगाला ओहोळात पाइप टाकून उन्हाळ्याचं पाणी सुपारीच्या बागेला वळवणं. झाडं लगेच मरत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त नवी रोपं येत नाहीत. बीही नाजूक, सुकलं की मेलं. रोपवाटिका करायची तर बी ताजं असतानाच ओल्या, सावलीतल्या पालापाचोळ्यात पेरावं लागतं, बरणीत साठवून चालत नाही. तुमच्या पठारावर मात्र रानजायफळ लावायच्या भानगडीत पडू नका, ते त्याचं घर नव्हे.

नियम_वाचणारा | मंगळवार, रात्री १०.०५

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, पण रस्ते आहेत.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ मध्ये भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी, तसंच दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरांत पक्कं बांधकाम यांना बंदी आहे. पण हे लागू होतं रामसर स्थळांना आणि अधिसूचित पाणथळींना. महाराष्ट्रात रामसर स्थळं नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. नदीपात्र, भातखाचरं, सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं, त्या २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या. तुमची एक एकराची जागा या चाळणीतून खाली पडते. आणि गंमत बघा, एकदा प्लास्टिक घालून सिंचनाचं तळं केलंत की ती कायद्याच्या लेखी पाणथळ उरतच नाही.

म्हणून आधी सातबारा काढा. वनजमीन असेल तर वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम १९८० खाली परवानगीशिवाय खोदता येत नाही. शिवाय आजरा-भुदरगड संवर्धन राखीवच्या हद्दीत गट येतो का ते वनविभागाकडून लेखी घ्या. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारालाही संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला आहे, म्हणजे पठार म्हणून संरक्षणाचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव महत्त्वाचा. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच, तिला जागं करा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत ही जागा, झरे, वनस्पती, चराईचा काळ, सगळं नोंदवा. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळाचा प्रस्ताव त्या नोंदींवरच उभा राहतो.

तळं अमृत सरोवर योजनेत बसवायचा विचार असेल तर तिथं किमान एक एकर आणि १०,००० घनमीटर क्षमता लागते. वरचा हिशोब आठ-नऊ हजारांचा आहे. म्हणजे आणखी खोल किंवा आणखी रुंद खोदणं आलं. हे आधीच विचारून घ्या.

खालची_वाडी | बुधवार, सकाळी ७.५०

सगळं खरं, पण मार्चमध्ये हंडा घेऊन कोण जातंय? 'खोदू नका' एवढंच सांगितलं तर बायका तुम्हालाच विचारतील, मग पाणी कुठनं देता? त्यामुळं पर्याय द्या.

झऱ्याचं पाणी रात्री वाहून जातं ते धरा. ०.२५ लिटर प्रतिसेकंदाची धार रात्रीच्या आठ तासांत ७,२०० लिटर देते. मार्चअखेर धार ०.०८ वर आली तरी दिवसाला ६,९०० लिटर, म्हणजे ५५ लिटरनं सव्वाशे माणसं, नुसतं पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर धरलं तर साडेतीनशेच्या जवळ. १०,००० लिटरची टाकी पुरते. तळ्याच्या मानानं खर्च किरकोळ.

झऱ्याची पेटी (पाणी फुटतं तिथंच बांधलेली झाकणाची छोटी टाकी) बांधताना काळजी एकच, पण ती चुकली तर झरा जातो. पाणी नेमकं जिथून फुटतं तिथपर्यंत हातानं मागं खोदत जा, जेसीबी नाही, सुरुंग तर नाहीच. चिकण थर लागला की थांबा, तो फोडला तर पाणी खाली उतरतं. मागं २० ते ४० मिमीचे धुतलेले दगड, पुढं भिंत. जादा पाण्याचा पाइप झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा १५ सेंमी खालीच हवा. गवंडी हमखास तो वर बसवतो, 'जास्त साठेल' म्हणून. पेटीत पाणी तोंडाच्या वर चढलं की मागं दाब येतो, आणि झरा दुसरीकडं वाट काढतो. एकदा सरकलेला झरा परत आणणं अवघड.

तळाला धुण्याचा पाइप, जादा पाण्याच्या तोंडाला बारीक जाळी, वर झाकण. पेटीच्या वर आठेक मीटरवर पावसाचं पाणी वळवणारा उथळ चर, आणि वरच्या अंगाला तीस मीटरांत संडास किंवा गोठा नको. थोडं पाणी ओहोळात सोडा, खालच्या अंगाला जनावरांना डोणी बांधा. ती नसली तर गुरं पेटीवरच चढतात.

भुदरगडी | बुधवार, सकाळी ११.१५

हे तर सोनंच. आणखी एक. पठारावर जीप-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्यात. एक चाकोरी पाणथळीच्या काठातून सरळ कडेकडं जाते आणि पावसात ओढ्यासारखी वाहते. ती बुजवायची का?

गेंदफूल | बुधवार, दुपारी १.००

तुमचं पाणी लवकर आटण्याचं एक कारण बहुधा हीच चाकोरी. पूर्ण बुजवू नका, बाहेरून मुरूम आणलात की त्याबरोबर तण येतं. टप्प्याटप्प्यानं अडवा. पीटजमिनींत चर बंद करताना वापरतात तोच नियम: खालच्या बांधाच्या माथ्याची पातळी वरच्या बांधाच्या पायथ्याला लागली पाहिजे. उतार २ टक्के आणि बांध २० सेंमी उंच असेल तर अंतर १० मीटर. उतार ४ टक्के झाला की ५ मीटर. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन उतार मोजा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, पठार सपाट दिसतं पण नसतं.

बांध सैल जांभ्याच्या दगडांचा. मधोमध वीतभर रुंद चिकणमातीचा गाभा, ती माती चाकोरीतच वाहून साठलेली घ्या. माथा मध्यात ५ सेंमी खोलगट ठेवा आणि दोन्ही टोकं चाकोरीच्या काठांत हातभर घुसवा. माथा सपाट ठेवला की पाणी टोकाकडून कापत जातं आणि पहिल्याच जोराच्या सरीत बांध बाजूला पडतो. खाली पाणी पडतं तिथं दगडांचं अंथरूण. सिमेंट नको. काम एप्रिल-मे मध्ये करा, आणि वरून खाली करत या, नाहीतर वळवाच्या पावसात खालचे बांध एकटे सापडतात.

गाडी थांबवल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. पठारावर चढायच्या वाटेवर दोन मोठे धोंडे आडवे टाका.

'भोवती झाडं' हा मुद्दाही काढून टाका. ४५ सेंमीचे खड्डे घेताना कवच फुटतं, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीसारखं बारमाही हिरवं झाड ओल ओढत राहतं. पठारावर गवत आहे म्हणजे ते ओसाड आहे, हा समज सरकारी कागदांतही इतका मुरलाय की बॉक्साइटच्या खाणी आणि वृक्षलागवड दोन्हींना जागा म्हणून हीच पठारं दिसतात. झाडं लावायचीच तर झऱ्यांच्या खाली, ओहोळाच्या काठानं: उंबर, जांभूळ, वाळुंज.

रंकाळाकाठ | बुधवार, दुपारी २.२०

रच्याकने, असेच छोटे बांध घालून शहरातल्या तळ्यांचं केंदाळ (जलपर्णी) थांबेल का?

माती_परीक्षक | बुधवार, दुपारी २.४५

नाही. केंदाळ वाढतं सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. नाले वळवल्याशिवाय काढत राहणं म्हणजे गवत कापत राहणं. काढलेलं काठावर रचून ठेवू नका, कुजून त्याचा रस परत तळ्यातच येतो. फुलोऱ्याच्या आधी काढा, बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथं भुदरगडींची सभा आहे.

भुदरगडी | बुधवार, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. सभेत असं मांडतो: यंदा खोदकाम नाही, झऱ्याची पेटी आणि टाकी आधी, एक पूर्ण वर्ष मोजणी, मग पठाराबद्दल निर्णय. शाळेची दोन मुलं आणि आशाताई नोंदी घ्यायला तयार आहेत. वहीत काय काय लिहून घ्यायचं?

जांभ्याखालचं_पाणी | बुधवार, रात्री १०.२०

रकाने कमी ठेवा, नाहीतर दिवाळीनंतर वही बंद पडते. तारीख आणि वेळ, आदल्या सात दिवसांचा पाऊस, दोन्ही झऱ्यांना बादली भरायला लागलेले सेकंद तिन्ही वेळचे (सरासरी नंतर काढा, आकडे खोडू नका), तिन्ही नळ्यांतली पातळी, आणि शेरा: गुरं, वणवा, गाडी, कुणी पाइप टाकला वगैरे. पावसासाठी महसूल मंडळाच्या आकड्यावर अवलंबून राहू नका. आपल्याकडं दहा किलोमीटरवर पाऊस बदलतो. गगनबावड्याला काही हजार मिलिमीटर पडतो तेव्हा कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास असतो. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवा, भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब.

नळीत पातळी मोजताना टेपच्या टोकाला छोटं, खालून पोकळ टोपण बांधा, पाण्याला टेकलं की 'डुब' आवाज येतो. आकडा पाइपाच्या तोंडापासून मोजला जातो, जमिनीपासून नाही. म्हणून प्रत्येक पाइप जमिनीच्या किती वर आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पाइपावरही ऑइलपेंटनं रंगवा. गुरांच्या धक्क्यानं पाइप दोन-चार सेंमी दबतो किंवा वर येतो, तेव्हा ती उंची दर महिन्याला पुन्हा तपासा. आणि पहिली नोंद वळवाच्या पावसाआधी घ्या. जूनमध्ये सुरू केलंत तर सगळ्यात खालची पातळी, जिच्यावर मार्चचं पाणी ठरतं, ती पुढच्या वर्षापर्यंत हाती लागणार नाही.